उडीपूर्वी अंग किती ताणावे?

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आले की मैदानाच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. उंच उडीत भाग घेणारी मुलगी गवतावर पाय पसरून बसलेली असते. पायांचे अंगठे धरून दोन-दोन मिनिटे निश्चल राहते. दुकानातून घाईघाईने आलेले वडील ते पाहून निश्चिंत होतात. मुलीची तयारी मात्र येथेच थोडी चुकत असते.

ताणामुळे शरीर लवचीक होते, यात शंका नाही. परंतु लवचीकता आणि त्या क्षणीचे बळ यांची खाती वेगळी आहेत. सन २००० मध्ये कॅनडातील संशोधकांनी एका प्रयोगात पोटरीचे स्नायू सुमारे अर्धा तास पुनःपुन्हा कमाल मर्यादेपर्यंत ताणले. लगेच मोजलेले बळ २८ टक्क्यांनी घटले होते आणि तासाभरानंतरही ९ टक्क्यांची तूट उरली होती. अर्थात मैदानावर इतका वेळ कोणी पोटरी ताणत बसत नाही, तेव्हा या आकड्यांनी घाबरण्याचे कारण नाही. पुढे २०१६ मध्ये डेव्हिड बेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. स्थिर ताणानंतर कामगिरी सरासरी ३.७ टक्क्यांनी घटते, तर हालचालींसह दिलेल्या ताणानंतर १.३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. एकच स्नायू ६० सेकंद वा अधिक काळ ताणला तर तूट वाढते. त्याहून कमी वेळ ताणल्यास ती एका टक्क्याच्या आसपास राहते. फरक लहान खरा, पण उंच उडीत निवड दोन-तीन सेंटीमीटरवरच ठरते.

उडी मारताना टाचेमागील कंडरा स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवून परत देते. दीर्घ ताणानंतर स्नायू व कंडरा काहीसे सैल पडतात आणि स्नायूंना मिळणारी मज्जासंस्थेची चेतनाही क्षीण होते. याउलट, हालचालींनी तापलेला स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावतो. म्हणून आधी पाच मिनिटे संथ धावणे, मग पाय पुढे-मागे झुलवणे, गुडघे उंच उचलत चालणे, लांब पाऊल टाकून खाली वाकणे आणि शेवटी काही लहान उड्या, हा क्रम हितकर ठरतो. ज्यांना थोडा स्थिर ताण घेतल्याखेरीज चैनच पडत नाही, त्यांनी तो या हालचालींच्या आधी, अर्ध्या मिनिटापुरता घ्यावा. पूर्ण तयारीत त्याने उडी घटत नाही, असे २०१८ मधील एका अभ्यासात दिसले. उलट, ताण घेतलेल्या खेळाडूंचा आत्मविश्वास वाढलेला होता. अंगठे धरून दीर्घकाळ बसण्याचा व्यायाम घरी, सरावाचा दिवस संपल्यावर करावा.

उडीपेक्षा गुडघ्याचे मोल मोठे. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवरील अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. धावणे, बळ, तोल आणि उड्या यांचा सुमारे २० मिनिटांचा क्रम नियमित करणाऱ्या मुलींमध्ये गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या.

हीच २० मिनिटे घरच्या घाईत बहुधा हरवतात. नऊची स्पर्धा असताना मुलीला पावणेनऊला मैदानावर सोडले, तर ती अंग तापवणार कधी? आणि वेळेवर पोहोचूनही पुकारा लांबला, तर तापलेले स्नायू पुन्हा थंड होतात. अशा वेळी अंगावर जाकीट ठेवून, जागच्या जागी हलत राहून, नाव येण्याच्या थोडे आधी दोन-तीन उड्या पुन्हा माराव्यात.