माहेर, नोकरी आणि राज्याची सीमा
घटस्फोटाचा दावा सुरू असताना मुलांना घेऊन दुसऱ्या राज्यात जाणे: अमेरिकी कायदा काय पाहतो आणि काय पाहत नाही

समजा, न्यू जर्सीतील एडिसनमध्ये एक मराठी जोडपे राहते. लग्नाला बारा वर्षे झालेली. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा, दोघांचाही जन्म न्यू जर्सीतला. गेले वर्षभर घरात अबोला आहे आणि वकिलांकडे जाणे-येणे सुरू झाले आहे. जूनअखेर शाळा संपते आणि आई मुलांना घेऊन टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या फ्रिस्कोला, थोरल्या बहिणीकडे जाते. ‘थोडे दिवस राहून येते’, एवढेच तिने नवऱ्याला सांगितलेले असते. ऑगस्टमध्ये तिकडेच नोकरीचा योग जुळतो आणि बहिणीच्या घराजवळच्या शाळेत मुलांची नावे घातली जातात. सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयातून अर्जाची प्रत येते: मुलांना परत आणावे आणि ताब्याचा निर्णय येथेच व्हावा, अशी मागणी पित्याने केलेली असते.

हे जोडपे कल्पित आहे. पण अमेरिकेतील कोणत्याही मराठी मंडळाच्या परिघात वावरणाऱ्याला ही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. संसारात बिनसले की मुलांसह माहेरी जाणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तीत दुरावा आहे, आधार आहे आणि परतीचा दरवाजाही उघडा आहे. परदेशात बहिणीचे किंवा भावाचे घर हेच माहेर ठरते आणि ते बहुधा दुसऱ्या राज्यात असते. अमेरिकी कायद्याला ‘माहेर’ ही कल्पना ठाऊक नाही. तो एवढेच विचारतो की, मुलांचे घर कोणत्या राज्यात आहे.

सहा महिन्यांचा हिशेब

अमेरिकेत कौटुंबिक कायदा हा राज्यांचा विषय आहे. एकेकाळी याचा परिणाम असा होई की, एका राज्यात निकाल विरोधात जाईल असे दिसताच पालक मुलाला घेऊन दुसऱ्या राज्यात जात आणि तेथे नवा दावा लावत. ही पळापळ थांबवण्यासाठी १९८० मध्ये संघीय कायदा झाला आणि १९९७ मध्ये मुलांच्या ताब्याच्या अधिकारक्षेत्राविषयी एकसमान कायद्याचा मसुदा तयार झाला. मॅसॅच्युसेट्स वगळता सर्व राज्यांनी तो स्वीकारला आहे.

या कायद्याचा कणा म्हणजे ‘गृहराज्य’. दावा दाखल होण्यापूर्वी मूल सलग सहा महिने पालकासोबत ज्या राज्यात राहिले, ते त्याचे गृहराज्य. ताब्याचा पहिला निर्णय देण्याचा अग्रहक्क त्याच राज्याच्या न्यायालयाला. मूल राज्याबाहेर नेले गेले तरी एक पालक मागे राहत असेल, तर जुन्या राज्याचा हा हक्क आणखी सहा महिने शाबूत राहतो. तात्पुरत्या अनुपस्थितीने, म्हणजे सुटीसाठी किंवा पाहुणचारासाठी बाहेर गेल्याने, सहा महिन्यांची साखळी तुटत नाही.

आपल्या उदाहरणात सप्टेंबरमध्ये मुलांना टेक्ससला येऊन तीनच महिने होत आले आहेत. त्यामुळे निर्णय न्यू जर्सीत होणार, हे जवळपास निश्चित. पित्याने मात्र ‘तिचा राग निवळेल’ म्हणून पुढचा फेब्रुवारी उजाडू दिला असता, तर चित्र पालटू शकले असते. आईने फ्रिस्कोतील शाळेला सहा महिने झाल्यावर टेक्ससच्या न्यायालयात धाव घेतली असती आणि पित्याला दीड हजार मैलांवर दावा लढवावा लागला असता. समजुतीने वाट पाहणारा पालक या हिशेबात हरू शकतो. तडकाफडकी निघून जाणाऱ्यालाही न्यायालय मुलांसह परत बोलावू शकते.

‘योग्य कारण’ कोणते?

ज्या पालकाला खरोखरच जायचे आहे, त्याच्यासाठी पुढचा प्रश्न परवानगीचा. न्यू जर्सीचा कायदा सांगतो की, राज्यात जन्मलेल्या किंवा पाच वर्षे राहिलेल्या अज्ञान मुलाला दोन्ही पालकांच्या संमतीविना राज्याबाहेर हलवता येणार नाही. न्यायालयाला योग्य कारण पटले तरच अपवाद. हे ‘योग्य कारण’ म्हणजे काय, याचे उत्तर मात्र बदलत आले आहे.

२००१ च्या निकालानुसार, मूल प्रामुख्याने ज्या पालकाकडे राहते त्याने दोन गोष्टी दाखवणे पुरेसे होते: आपला हेतू प्रामाणिक आहे आणि स्थलांतराने मुलाचे अहित होणार नाही. या निकषाचा कल स्थलांतराच्या बाजूने होता. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला ठेवला. आता मूल कोणाकडे अधिक काळ राहते हे एकटे निर्णायक ठरत नाही. स्थलांतर मुलाच्या सर्वोत्तम हिताचे आहे का, हे तपासले जाते. घरातील स्थैर्य, शिक्षणातील सातत्य, भावंडांचे परस्परसंबंध, पालकांच्या घरांमधील अंतर, हिंसाचाराचा इतिहास, जाणत्या वयाच्या मुलाची इच्छा, असे अनेक घटक एकत्र तोलले जातात.

न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९९६ मध्येच ‘असामान्य परिस्थिती सिद्ध करा’ ही अट सोडून प्रत्येक प्रकरण मुलाच्या हिताच्या कसोटीवर तपासण्याचा मार्ग धरला. कॅलिफोर्नियात १९९६ च्या निकालाने, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या पालकाला स्थलांतराची ‘गरज’ सिद्ध करण्यापासून मुक्त केले. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, दुसऱ्या पालकाशी असलेले नाते विस्कटण्याची शक्यताही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. दिशा साधारण एकच आहे: पालकाच्या सोयीकडून मुलाच्या नात्यांकडे.

काही राज्ये सीमेऐवजी मैल मोजतात. फ्लोरिडात पन्नास मैल आणि मिशिगनमध्ये शंभर मैल हा उंबरठा आहे. इलिनॉयमध्ये शिकागो आणि भोवतालच्या सहा कौंटींत राज्यांतर्गत पंचवीस मैलांपलीकडचे घरही ‘स्थलांतर’ ठरते. टेक्ससमध्ये मुलाचे राहण्याचे ठिकाण ठरावीक कौंटी आणि तिच्या लगतच्या कौंटींपुरते मर्यादित ठेवणारे आदेश नेहमीचे आहेत. म्हणजे ज्या टेक्ससला आपल्या कथेतील आई निघाली आहे, तेथून पुढे कोठे जायचे झाले तरी हाच प्रश्न पुन्हा समोर येऊ शकतो.

दावा चालू असतानाचा काळ

घटस्फोट झाल्यानंतरच्या स्थलांतरापेक्षा दावा चालू असतानाचे स्थलांतर अधिक नाजूक असते. या काळात कोणाकडे किती दिवस मूल राहावे, याचा अंतिम आराखडा ठरलेला नसतो. कॅलिफोर्नियात तर घटस्फोटाच्या समन्सवरच मनाई छापलेली असते: दुसऱ्या पालकाच्या लेखी संमतीविना किंवा न्यायालयाच्या आदेशाविना अज्ञान मुलाला राज्याबाहेर नेऊ नये. टेक्ससच्या अनेक कौंटींत दाव्यासोबतच स्थायी आदेश लागू होतात.

अंतरिम आदेशाकडे पक्षकार ‘तात्पुरता’ म्हणून पाहतात. प्रत्यक्षात त्याच काळात मुलांची शाळा, मित्र आणि दिनक्रम रुजतो आणि अंतिम सुनावणीत न्यायाधीशांसमोर येते ती ही रुजलेली घडी. न विचारता निघून जाणाऱ्या पालकाविषयी दुसरीही एक नोंद होते: हा पालक दुसऱ्या पालकाचे नाते जपेल का? एका विमानप्रवासाने त्याचे उत्तर प्रतिकूल जाऊ शकते. काही परिस्थितींत फौजदारी कलमेही लागू शकतात.

एकाला मोकळीक, दुसऱ्याला वेसण

येथवर कायद्याची बाजू न्याय्य वाटते आणि तिच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मुलाचे आई आणि वडील, दोघांशीही असलेले नाते एका पालकाच्या रागावर किंवा घाईवर अवलंबून राहू नये. पण अंमलात या नियमाचा भार समान पडत नाही.

कायदा पालकाला रोखत नाही; मुलाला रोखतो. ज्या पालकाकडे मूल थोडा वेळ असते, तो उद्या सिअॅटलला नोकरी घेऊन गेला तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याच्या अंगावर मुलांचे रोजचे डबे, शाळा आणि आजारपण आहे, त्याचा मुक्काम मात्र मुलांसोबत जखडला जातो. आपल्या समाजात हा दुसरा पालक बहुतेक घरांत आई असते.

त्यात व्हिसाचा प्रश्न मिसळतो. एच-४ वर असलेल्या पत्नीचा दर्जा अंतिम घटस्फोटाच्या हुकुमाबरोबर संपतो. मुलांचा मात्र संपत नाही. ती एच-१बी धारक पित्यावर अवलंबून राहू शकतात किंवा जन्माने अमेरिकी नागरिक असतात. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना काम करण्याची मुभा आहे, पण तीही जोडीदाराच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेशी बांधलेली. अशा स्त्रीला जेथे नोकरी आणि प्रायोजक मिळेल, ते राज्य निवडण्याची चैन नसते. एच-१बी वरील पालकाची नोकरी गेली, तर नवा मालक शोधण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते. इलिनॉयमध्ये पालकत्वाचा आदेश असताना स्थलांतराची पूर्वसूचना द्यायची तीही साठ दिवसांची. स्थलांतर खाते आणि कुटुंब न्यायालय एकमेकांचे कॅलेंडर पाहत नाहीत; दोन्ही तारखा एकाच घरात येऊन आदळतात.

म्हणून ‘ती मुलांना घेऊन पळाली’ किंवा ‘त्याने तिला अडकवून ठेवले’ असे दोन वाक्यांतले निवाडे मंडळाच्या कार्यक्रमात सहज दिले जातात, तेव्हा सावध राहावे. अनेकदा दोघेही आपापल्या बाजूने खरे बोलत असतात.

हिंसाचार असेल तेव्हा

वरील सारी चर्चा सामान्य कलहाची आहे. घरात मारहाण किंवा धमकी असेल तर गणित वेगळे असते. मूल, त्याचे भावंड किंवा पालक यांना छळाचा धोका असल्यास, मूल ज्या राज्यात पोहोचले आहे तेथील न्यायालय तात्पुरते आपत्कालीन अधिकारक्षेत्र वापरून संरक्षण देऊ शकते. कायमचा निर्णय बहुधा गृहराज्याकडेच राहतो, पण दोन्ही न्यायाधीशांनी परस्परांशी संपर्क साधणे अपेक्षित असते आणि खटला कोठे चालावा हे ठरवताना हिंसाचाराचा विचार करावा लागतो. अशा व्यक्तीने आधी सुरक्षित व्हावे आणि लगेच, त्याच आठवड्यात, न्यायालयात जावे. न्यू जर्सीत १९८५ पासून काम करणाऱ्या ‘मानवी’सारख्या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्था आपल्या भाषेत आणि आपली कुटुंबव्यवस्था जाणून साहाय्य करतात.

माहेर पुण्यात असेल तर

फ्रिस्कोऐवजी विमान पुण्याला गेले, तर गुंता अनेक पटींनी वाढतो. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. अमेरिकेत दुसऱ्या पालकाचे हक्क डावलण्यासाठी मुलाला देशाबाहेर नेणे किंवा ठेवणे हा १९९३ पासून संघीय गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले की, परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक घटक. निर्णायक ते मुलाचे कल्याण. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने अमेरिकेत जन्मलेल्या एका मुलाला तिकडे परत पाठवण्याचा आदेशही दिला. म्हणजे दोन्ही देशांत निकालाची खात्री नाही. खात्री आहे ती एवढीच की, मुलाची काही वर्षे दोन खंडांतील तारखांमध्ये जातील.

जाण्यापूर्वीचे काम

यातून मार्ग निघतो तो बहुधा निघण्याआधी. उन्हाळ्यासाठी बहिणीकडे जायचे असेल तर परतीच्या तारखेसह लेखी संमती घ्यावी. ईमेलही उपयोगी पडतो. मन बदलले, नोकरी मिळाली, तर मुलांचे नाव नव्या शाळेत घालण्यापूर्वी गृहराज्यात अर्ज करावा. अर्जात पगाराच्या आकड्याइतकीच जागा मुलाच्या आयुष्याला द्यावी: शाळा कोणती, शाळा सुटल्यावर सोबत कोण, उन्हाळा आणि दिवाळी कोणाकडे, विमानभाडे कोण भरणार, रोजचा व्हिडिओ कॉल दोन्ही राज्यांच्या कोणत्या वेळी. दुसऱ्या पालकाला मुलाच्या जीवनात कोठे आणि कसे स्थान राहील, हे दाखवणारी योजना न्यायाधीशांना विचार करायला काही तरी देते. मागे राहिलेल्या पालकानेही केवळ ‘नाही’ म्हणून थांबू नये. मुले येथेच राहावीत असे वाटत असेल, तर त्यांना सांभाळण्याचा रोजचा भार आपण किती उचलणार, हे त्यालाही मांडावे लागेल.

आणि हे सारे आपल्या राज्यातील परवानाधारक कौटुंबिक वकिलाला विचारूनच करावे. कॅलिफोर्नियातील मावसभावाचा अनुभव न्यू जर्सीत उपयोगी पडेलच असे नाही.

आपल्या कथेतील आईला अजून संधी आहे. ती मुलांना घेऊन एडिसनला परतली आणि फ्रिस्कोची नोकरी, बहिणीचा आधार, मुलांसाठी आखलेली योजना हे सारे न्यायालयासमोर ठेवले, तर कदाचित पुढच्या उन्हाळ्यात ती परवानगीने जाऊ शकेल. कदाचित नाहीही. पण नऊ वर्षांच्या मुलीला तोपर्यंत एक गोष्ट ठाऊक असेल: शाळा बदलायची की नाही, हे आईबाबा दोघे मिळून कोणाला तरी विचारणार आहेत. आज ती दोन शाळांच्या पटावर आहे, आणि कोणत्या वर्गात बसायचे हे तिला कोणीच सांगितलेले नाही.