पाऊस बदलला, सरकारचे माप बदलले नाही



आम्ही मुरगूडचे, वेदगंगेच्या काठचे. तुम्ही कापूस-ज्वारीवाले, कोरडवाहू. आम्ही पुराचे गाऱ्हाणे मांडले की बैठकीत कोणीतरी म्हणतोच, "तुम्हाला पाणी जास्त झाले, आम्हाला प्यायला नाही. तुमचे दुखणे आमच्यापुढे कशाला?" सप्टेंबर २०२५ पर्यंत आम्हाला याचे उत्तर देता येत नव्हते. त्या महिन्यात सीना नदीने सोलापूर-धाराशिवची दुष्काळी म्हणून ओळखलेली गावे पाण्याखाली घातली. मराठवाड्यात कापसाची बोंडे झाडावर सडली, जमिनी खरडून गेल्या, शाळू पेरायला वाफसा मिळेना. आता दुखणे दोघांचे आहे.

आमच्याकडे पूर नवा नाही. तरण्या पावसात नदी फुगायची, म्हाताऱ्यात पात्राबाहेर यायची, गाळ टाकून परत जायची. पाणी कुठल्या बांधापर्यंत येणार हे वाडवडील सांगायचे आणि त्या हिशोबाने जनावरे हलवली जायची. २००५ च्या पुरात तो हिशोब चुकला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो पार मोडला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही, असे आम्ही स्वतःला समजावले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते ५६ फुटांवर गेले. दोन्ही वेळा आमच्या वेदगंगेच्या पाण्याने यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला.

असे का झाले? हिमालयातून येणाऱ्या नद्यांना पावसाशिवाय बर्फाचेही पाणी मिळते. बर्फ म्हणजे डोंगरावरची ठेव. उन्हाळ्यात थोडी थोडी मोडता येते. वेदगंगेला, सीनेला, गोदावरीला अशी ठेव नाही. आपल्या नद्या म्हणजे रोजंदारीचे मजूर, पाऊस देईल त्यावर जगणाऱ्या. म्हणून पावसाची चाल बदलली की नदीची चाल त्याच वर्षी बदलते.

ती चाल बदलल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले. १९५० ते २०१५ या काळात, महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणारे अतिमुसळधार पाऊस तिपटीने वाढले. त्याच काळात मोसमाचा एकूण पाऊस मात्र घटला. अरबी समुद्र तापला आहे, आणि हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. ढग तीन आठवडे हुलकावणी देतो आणि मग महिन्याचे पाणी तीन दिवसांत ओततो. तुमची उघडीप आणि आमचा महापूर ही एकाच ढगाची करणी आहे.

युरोपातही नद्या बदलल्या. तिकडे १९६० ते २०१० या पन्नास वर्षांच्या नोंदी, हजारो मोजणी केंद्रांवरच्या, एकत्र तपासल्या. वायव्येकडे पावसामुळे पूर वाढले. पूर्वेकडे बर्फ कमी साचू लागले म्हणून पूर घटले. हे कळले ते गावोगावची नदी पन्नास वर्षे कोणीतरी नेमाने मोजली म्हणून.

आपल्याकडे मोजणीची काय तऱ्हा आहे? महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी. एका मंडळात कितीतरी गावे. ढगफुटी तुमच्या शिवारात आणि मापक चार कोसांवर कोरडा, अशी गत झाली की पंचनाम्यासाठी हात जोडायचे. नदीकाठी निळी रेषा आहे ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण पाऊसच बदलला असेल तर जुन्या पावसावर काढलेल्या रेषांवर विसंबून घर कुठे बांधायचे?

विम्याचे तर काय सांगावे! २०२३ मध्ये आलेला एक रुपयाचा पीक विमा २०२५ च्या खरिपाला बंद झाला. सोबत स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान हे भरपाईचे आधारही त्या हंगामात काढून घेतले. राहिला पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळाची सरासरी. ज्याचे शेत वाहून गेले त्याचे नुकसान सरासरीत विरघळते. आणि नेमक्या त्याच खरिपात सीनेला पूर आला.

आमचे मागणे दानाचे नाही, मापाचे आहे. गावागणिक पर्जन्यमापक बसवा आणि त्याची नोंद चावडीवर रोज लावा. पूररेषा अलीकडच्या पावसावर पुन्हा काढा. एकट्याचे शेत बुडाले तरी त्याला विमा मिळेल असा नियम कायमचा करा. धरणात पुरासाठी जागा कधी आणि किती ठेवणार, ते मोसमाआधी गावाला सांगा. धरण रिकामे ठेवा म्हणणे सोपे आहे, पुढे पाऊस दडला तर उन्हाळ्यात बोंब होते हे आम्हीही जाणतो. म्हणून तर अंदाज आणि हिशोब उघड हवा.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा अंगणात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतले पाणी पट्टीने मोजा, तारीख घालून वहीत लिहा, डबा रिता करा. एका वहीला कचेरीत कोणी विचारणार नाही. तालुक्यातल्या पन्नास गावांच्या वह्या एकाच टेबलावर पडल्या, तर त्या बाजूला सारणे साहेबाला जड जाईल. येत्या मृगापासून आम्ही मुरगुडात हे सुरू करतो आहोत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तुमचीही वही घेऊन या.