निळ्या स्क्रीनमधून बाहेर या!

सी प्लस प्लसचं प्रॅक्टिकल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळी स्क्रीन, वर मेन्यूची पट्टी आणि कंट्रोल एफ नाइन. हे टर्बो सी प्लस प्लस बोरलँड कंपनीनं 1990 मध्ये बाजारात आणलं, तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. त्या काळी ते भारीच होतं. कोड लिहायचा, कंपाइल करायचा, चूक शोधायची, सगळं एकाच ठिकाणी. यालाच आयडीई म्हणतात. पण 64 बिट विंडोजवर ते सरळ चालतच नाही. डॉसबॉक्सच्या आत जुन्या डॉसचा देखावा उभा करून चालवावं लागतं. इतकी खटपट करतो, पण सोडत नाही!

‘जुनं असलं म्हणून काय झालं? रंकाळापण जुनाच आहे की,’ असं कुणीतरी म्हणणारच. मग ऊसबिलाचा एक साधा प्रोग्राम लिहून बघा. टर्बोमध्ये इंट 16 बिटांचा असतो, 32,767 च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. त्यात 40,000 रुपये साठवा आणि छापा. स्क्रीनवर येईल उणे 25,536. म्हणजे ऊस आपण घालायचा आणि वर कारखान्यालाच पैसे द्यायचे! लाँग वापरलं की हे सुटतं, मान्य. पण आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये इंट 32 बिटांचा असतो, तिथं ही रक्कम आरामात बसते. तुम्ही शिकताय ती अडचण भाषेची नाहीच, त्या जुन्या मशीनची आहे.

सी प्लस प्लसचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड 1998 मध्ये आलं, टर्बो त्याच्याही आधीचं. म्हणून तर व्हॉइड मेन, आयोस्ट्रीम डॉट एच, सीएलआरएससीआर या सवयी लागतात. हिंजवडीतल्या कंपनीची ऑनलाइन टेस्ट द्यायला बसल्यावर त्याच सवयी नडतात. लॉजिक बरोबर असूनही कोड कंपाइल होत नाही आणि चंदगड-आजऱ्याहून रोज एसटीनं येऊन शिकलेल्या पोराला वाटतं, आपल्याला काही येतच नाही.

यावर उपाय फुकट आहे. कोडब्लॉक्स घ्या. विंडोजवर चालतं, लिनक्सवरही चालतं. डाउनलोड करताना नावात ‘मिनजीडब्ल्यू’ असलेली फाइल निवडा. नाहीतर कंपायलरशिवायची येते आणि ‘चालतच नाही’ म्हणत पोरं परत टर्बोकडं पळतात. परवाना जीपीएल, त्यामुळे पेनड्राइव्हवरून अख्ख्या हॉस्टेलला वाटलंत तरी चोरी नाही. क्रॅक शोधायला नको, व्हायरसची धास्ती नको. आणि डीबगर वापराच. एफ फाइव्ह दाबून ओळीवर लाल ठिपका द्या, एफ एटनं प्रोग्राम सुरू करा, एफ सेव्हननं एकेक ओळ पुढं सरका. व्हेरिएबलची किंमत बदलताना दिसली की पॉइंटर जितका समजतो, तितका फळ्यावर समजत नाही.

जावावाल्यांसाठी नेटबीन्स आहे. 1996 मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून ते सुरू केलं होतं. (फायनल इयरचा प्रोजेक्ट रेडीमेड विकत घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

‘एक्स्टर्नलला टर्बोच लागतं,’ हे उत्तर ठरलेलं असतं. खरंच लागतं का? सिलॅबस स्वतः उघडून बघा. त्यात सी प्लस प्लस ही भाषा लिहिली आहे की टर्बो हे नाव? नाव नसेल तर चार-पाच जणांनी मिळून सरांकडं जा. भांडू नका, लॅबमधल्या एका मशीनवर कोडब्लॉक्स टाकायची परवानगी मागा. सर म्हणतील, ‘आधी चालवून दाखवा.’ जर्नलमधला पहिलाच प्रोग्राम घ्या. व्हॉइड मेनवर एरर येईल, आयोस्ट्रीम डॉट एचवरही येईल. त्या एरर तिथंच, सरांसमोर, तुमच्या हातानं दुरुस्त करा.