काळी शाई, काळं पाणी
बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या काळ्या पहाडावर पोसलेल्या माझ्यासारख्याला या आठवड्यात अमृता पाटील यांची ‘कारी’ पुन्हा सापडली आणि सुरतेत उधन्याला बसची वाट बघताना अर्धी वाचूनही झाली. २००८ साली आलेली ही चित्रकादंबरी इंग्रजीत आहे, पण शहर अस्सल मुंबई. सुरुवातीलाच एकमेकींवर जीव जडलेल्या दोन मुली इमारतीवरून उडी घेतात; रूथला जाळी झेलते, कारीला गटार. पुढे कारी दिवसा जाहिरात कंपनीत शब्द जुळवते आणि रात्री त्या गटाराची नावाडी होते. नॉयर, म्हणजे अंधाऱ्या गुन्हेकथा, म्हटलं की जाणकार लगेच फ्रँक मिलरच्या ‘सिन सिटी’ चित्रकथांचं नाव घेतात. मिलरचं काळं-पांढरं देखणं आहे, कबूल. पण तिथे पाऊससुद्धा पोज देऊन पडतो. पाटील यांची शाई ओली, मळकट आहे आणि मध्येच एखादं पान रंगात उघडतं, तेव्हा दचकायला होतं. डिटेक्टिव्ह नाही, पिस्तूल नाही, तरी ‘कारी’ मिलरपेक्षा उजवीच, कारण इथे गुन्हेगार शहर आहे, आणि शहराचा अंधार ओव्हरकोट घालून फिरत नाही, तुंबून राहतो. आपल्या सुरतेतल्या लिंबायतकरांना हे मी काय सांगणार! मिठी खाडी फुगली की तो अंधार थेट घरात शिरतो, पलंगाखालच्या चपला तरंगवतो. आपल्या खान्देशी पोरांपैकी कुणीतरी आता ब्रश उचलावाच. मॉडेल दारात येतं, तेही फुकट.