पंच, पैलवान आणि रिप्ले

बारामती-इंदापूरकडच्या जत्रेतल्या फडात हिशोब सोपा. पाठ लागली की संपलं, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवायची. गादीवर मात्र गुण आले आणि गुणांबरोबर वादही.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत हेच झालं. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने चितपट केल्याचा निर्णय शिवराज राक्षेला मान्य नव्हता. रिप्ले दाखवा म्हणता म्हणता वाद पेटला आणि त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत शेवटचे काही सेकंद उरलेले असताना महेंद्र गायकवाड गुणांवरून मैदान सोडून गेला. मोहोळ विजयी, बाकी दोघांवर ३ वर्षांची बंदी जाहीर.

लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण मंडळी, आमच्या धंद्यात सर्व्हर पडला तर 'मी सांगतो म्हणून' चालत नाही, लॉग दाखवावा लागतो. शेवटचा शब्द पंचांचाच हवा, फक्त तो मोठ्या पडद्यावर सगळ्यांना रिप्ले दाखवून द्यावा. त्याने पंचांचा मान कमी होत नाही, उलट वाढतो. आणि वर्षभर घाम गाळून हरलेल्या पैलवानाला निदान कळतं, की आपण डावाने हरलो, शिट्टीने नाही.