पनवेल कधी संपतं?

परवा शनिवारी सकाळी एस. टी. स्टँडाबाहेर केळी घेत उभा होतो. एक लांबलचक मोटार माझ्या चपलेला टेकून थांबली. काच चार बोटं खाली आली. आतून थंडगार वारा आला आणि पाठोपाठ प्रश्न आला, "काका, हे पनवेल कधी संपतं हो?"

साठ वर्षं मी या गावात काढली. ते संपावं असं कधी मनात आलं नव्हतं. पण मुंबईच्या मोटारवाल्याचा भूगोलच निराळा. त्याच्या नकाशावर दोनच गावं : एक निघायचं, दुसरं पोचायचं. मधली सगळी अडगळ. आम्ही पनवेलला राहतो. त्याला पनवेल लागतं. ठेच लागते तसं.

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, पुण्याकडचे कळंबोलीवरून परस्पर जाऊ लागले. म्हटलं, सुटलो! पण गोवा-अलिबागवाले पळस्पे फाटा कसा सोडणार? त्यात २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. जवळजवळ बावीस किलोमीटरच्या पुलावरून शंभराच्या वेगाने आलेल्या माणसाला गावातला चाळीसचा वेग म्हणजे उभं राहिल्यासारखंच वाटतं. डोळे त्या वेगाला सरावलेले असतात, यात त्याचा दोष नाही. पण समोरच्या माणसाचे गुडघे त्या वेगाला सरावलेले नसतात, त्याचं काय?

ते गुडघे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे. वय अठ्ठ्याहत्तर. दर सोमवारी ती पेणला मैत्रिणीकडे जायची. स्टँड समोर दिसतो, मध्ये रस्ता. सिग्नल नसलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर गाडीने थांबून चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, असं २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत लिहिलंय. आक्का पट्ट्यांवर पाऊल टाकते आणि गाडीवाला दिवे मारतो. पूर्वी दिवे मारणं म्हणजे 'तुम्ही या' असा माझा समज होता. आता कळलं, त्याचा अर्थ 'मी येतोय, तुम्ही तुमचं बघा'!

गेल्या पावसाळ्यापासून आक्काने पेणला जाणं सोडलं. "गुडघे दुखतात," म्हणते. खोटं आहे. गुडघे पूर्वीही दुखायचेच.

हिशेब साधा आहे. आक्काला रस्ता ओलांडायला लागतात वीस सेकंद. गोवा पाचशेवर किलोमीटर. तिथला समुद्र वीस सेकंद उशिरा पोचलात म्हणून आटत नाही. त्या वीस सेकंदांपायी एका म्हातारीचा सोमवार गेला, आणि हे तुम्हाला कळलंही नाही, कारण काच वर होती.

एवढं तावातावाने लिहिलं, पण एक कबुली द्यायला हवी. गेल्या महिन्यात आक्काचा मुलगा दादरहून गाडी घेऊन आला. "चला आई, मामा, पेणला सोडतो." मी पुढच्या सीटवर बसलो. पट्टा लावला, गार वारा लागला, आणि पळस्पे फाट्याच्या अलीकडे गाड्यांची रांग दिसताच माझ्या तोंडून गेलं, "छे! हे पळस्पे कधी संपतं रे?"

म्हणजे रोग मुंबईचा नव्हे, सीटचा आहे. बसला की जडतो.

एवढ्यात रांग हलली. बाजूला एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी होती, एक पाय रस्त्यात, एक मागे. भाच्याने गाडी दामटली.

"थांबव रे, जाऊ दे तिला," मागून आक्का.

"आई, मागचे हॉर्न मारतील."

"मारू देत. त्यांनाही आया असतील."

गाडी थांबली. मागचे खरंच ओरडले. बाई पलीकडे गेली. मी मोजत होतो : नऊ सेकंद.

तेव्हा मोटारवाले हो, पनवेल संपायची वाट पाहू नका. ते संपणार नाही. फक्त पांढऱ्या पट्ट्यांशी पाय ब्रेकवर ठेवा. आक्काचे वीस सेकंद तेवढे द्या. बाकी पनवेलकर आपापल्या हिमतीवर पळतील.