चुकून मिळालेला पहिला नंबर

मोटारींच्या शर्यतीवर लेख, आणि तोही आपल्या वार्षिकांकात? कुणाच्या भुवया उंचावतील हे मी जाणून आहे. पण वाचकहो, हा लेख मोटारींविषयी कमी आणि माणसाच्या मोठेपणाविषयी जास्त आहे.

माझे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रात्री-अपरात्री कारखान्याची वाट धरायची, हे त्यांचे काम. चिखलात चाक जागच्या जागी फिरू लागले की घाई करणारा फसतो, हे मी त्यांच्या शेजारी बसून अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच की काय, भर पावसात झालेल्या एका शर्यतीची हकीकत वाचताना मी रमून गेलो.

२४ ऑक्टोबर १९७६. जपानातील फुजी पर्वताच्या पायथ्याची धावपट्टी. जागतिक अजिंक्यपदासाठी धरली जाणारी फॉर्म्युला वन शर्यत जपानच्या भूमीवर प्रथमच होत होती. पाऊस असा की शर्यत सुरू करावी की नाही यावरच वाद चालला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतील अपघातात होरपळलेला निकी लाउडा दोन फेऱ्यांनंतर स्वतःहून बाजूला झाला. जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता ठरला. शर्यत जिंकली मारिओ आंद्रेत्तीने. ही नावे जगाला पाठ आहेत.

त्याच शर्यतीत मासाहिरो हासेमी नावाचा जपानी चालक होता. १९४५ साली जन्मलेला हा गडी आधी मोटारसायकली पळवून मग मोटारींकडे आलेला. त्याची गाडीही जपानीच, कोजिमा नावाच्या छोट्या संस्थेने बांधलेली. पात्रता फेरीच्या पहिल्या सत्रात त्याने चौथ्या क्रमांकाची वेळ नोंदवली. पुढे अपघातात गाडी मोडली. कारागिरांनी ती पुन्हा उभी केली आणि हासेमी दहाव्या जागेवरून सुटला. शर्यतीत तो विजेत्याच्या सात फेऱ्या मागे, अकरावा आला. फॉर्म्युला वनमधील त्याची ही पहिली आणि शेवटची शर्यत.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या दिवशी जाहीर झाले की, शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी हासेमीची! वेळ १ मिनिट १८.२३ सेकंद. एकच शर्यत खेळला आणि सर्वांना वेगात मागे टाकून गेला! कथा किती सुंदर! मात्र ती खरी नव्हती. वेळ मोजण्यात चूक झाली होती. काही दिवसांनी धावपट्टीच्या चालकांनीच पत्रक काढून सांगितले की, सर्वांत वेगवान फेरी फ्रान्सच्या जाक लाफितची होती. जपानी संघटनेने आणि वृत्तपत्रांनी नोंद दुरुस्त केली. जपानबाहेर मात्र ही दुरुस्ती फारशी पोचलीच नाही. तिथल्या पुस्तकांतून हासेमीचे नाव वर्षानुवर्षे तसेच छापले जात राहिले.

मला प्रथम नवल वाटले ते जपानी लोकांचे. आपल्याच माणसाला, आपल्याच अंगणात मिळालेला मान आपल्याच हाताने काढून परक्याला द्यायचा, याला छाती लागते. कुणी म्हणेल, राहिली असती ती नोंद तर कुणाचे काय बिघडले असते? एक तर लाफितचे बिघडले असते. आणि माझ्या मते त्याहून अधिक बिघडले ते हासेमीचे. जगाने त्या एका खोट्या फेरीसाठी त्याला लक्षात ठेवले आणि त्याची खरी कमाई पाहिलीच नाही.

ती कमाई लहान नाही. १९८० साली तो जपानचा फॉर्म्युला टू विजेता झाला. १९८९, १९९१ आणि १९९२ असे तीनदा त्याने निसान स्कायलाइन गाडीवर जपानचे टूरिंग मोटारींचे अजिंक्यपद मिळवले. १९९२ साली अमेरिकेतील डेटोनाची चोवीस तासांची शर्यत काझुयोशी होशिनो आणि तोशिओ सुझुकी यांच्या जोडीने, निसानच्या गाडीवर त्याने जिंकली. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता! खोटा मोठेपणा माणसाला उंच करत नाही, त्याच्या खऱ्या उंचीवर पडदा टाकतो, असे मला वाटते ते यावरून.

आता हे सारे मी का लिहितो आहे ते सांगतो. बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या गावात वेशीजवळ फलक लागला. माझा फोटो, आणि खाली ‘तालुक्यात प्रथम’. वास्तविक मी फक्त आमच्या परीक्षा केंद्रात पहिला होतो. फलक लावणाऱ्यांनी प्रेमानेच लावला. वडिलांनी त्या फलकापुढे ट्रॅक्टर थांबवून कारखान्यावरच्या सोबत्यांना तो दाखवला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझी जीभ उचलली नाही. पुढे फलक उतरला, पण बोलणे उतरले नाही. आजही पाव्हणे आले की वडील तेच सांगतात आणि मी खाली मान घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो!

तालुक्यात पहिली आलेली मुलगी कोण होती, हे मला ठाऊक आहे. तिच्या गावी फलक लागला होता की नाही, हे मात्र मी कधी विचारले नाही.

हा अंक हाती पडला की मी तो घरी नेणार आहे. वडिलांना वाचता फारसे येत नाही, तेव्हा हा लेख मीच त्यांना वाचून दाखवीन, या ओळीपर्यंत. केंद्रात पहिला येणे हीसुद्धा त्यांच्या मुलाची खरी कमाई आहे. चिखलातून भरली ट्रॉली बाहेर काढणाऱ्या माणसाला ती कमी वाटणार नाही, असा माझा विश्वास आहे.

(द्वितीय वर्ष, कला)